दोन्ही बाजूंनी जोडलेली वायर

४ सप्टेंबर, रविवार

आज पुन्हा तेच. चिरंजीव पडद्यावर आले, "बाबा, गुडघा काय म्हणतोय?" असं विचारलं. मी गुडघ्याची कहाणी सुरू करणार एवढ्यात हिने मान मध्ये घालून विचारलं, "सूनबाई कुठे आहे रे? किती दिवसांत दिसली नाही." तो म्हणाला, "ती शिफ्टला..." आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग पडदा काळा. माझा गुडघा राहिला तो राहिलाच.

सलग चौथा रविवार. बिघाड सलग आला म्हणजे तो योगायोग नसतो, हे मला पंपिंग स्टेशनवर जन्म घालवल्यामुळे कळतं. सुपरवायझर होतो तेव्हा गळती लागली की पहिलं काम म्हणजे लॉगबुकात नोंद. कुठे, कधी, काय केलं. निवृत्त झाल्यापासून नोंद करण्याजोगं काही घडलं नाही. आता घडतंय. तेव्हा हा बिघाड सापडेपर्यंत जे घडेल ते लिहायचं ठरवलं आहे.

ही म्हणाली, "लिहा. निदान माझं डोकं तरी खाणार नाही." ही हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होती. हिच्या मते दुनियेतल्या प्रत्येक बिघाडाच्या मुळाशी माणूस असतो. माझ्या मते पाइप असतो.

५ सप्टेंबर, सोमवार

चिरंजीवांचा फोन आला, साधा, चित्राशिवायचा. म्हणाला, "बाबा, तुमचं वायफाय कमजोर आहे. राउटर पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर मागच्या खोलीत, मध्ये ती जाड भिंत. वायर टाका. इथरनेट."

त्याचा धंदाच हा. लोकांच्या कचेऱ्यांत कॉम्प्युटरांच्या वायरी टाकून द्यायच्या. मी म्हटलं, वायफाय काय आणि वायर काय, फरक तो काय? तर त्याने समजावून सांगितलं, आणि छान सांगितलं. वायफाय म्हणजे भरलेल्या वर्गात मागच्या बाकावरून पुढच्याला हाक मारणं. पोचली तर पोचली. वायर म्हणजे उठून त्याच्या कानात सांगणं. मध्ये भिंत असो, शेजाऱ्यांचं वायफाय असो, कानात सांगितलेलं कुठे हरवत नाही.

मी विचारलं, वायरीतून पाणी किती जातं म्हणजे आपलं ते, माहिती. तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. वायरीवर नंबर छापलेला असतो, सहा नंबरची घ्या म्हणाला, आपल्याला जन्मभर पुरेल.

एकूण बिघाड आमच्याकडे आहे. एका अर्थी बरंच झालं. आपल्या हद्दीतला बिघाड आपल्याला काढता येतो.

८ सप्टेंबर, गुरुवार

वायर आणली. दुकानदाराने विचारलं, "किती मीटर?" मी घरून मोजून नेलं होतं, दाराला वळसा घालून, कपाटामागून. तरी म्हणाला, "काका, थोडी जास्त घ्या, कमी पडली तर जोड देता येत नाही." हे बरोबर. जोड म्हणजे गळती. मग त्याने माझी नाडी ओळखली आणि एक छोटा डबा गळ्यात मारला. स्विच म्हणतात त्याला. राउटरपासून एक वायर त्यात आणायची आणि तिथून कॉम्प्युटर, टीव्ही, जे काय असेल त्यांना वेगवेगळी तोंडं द्यायची. वाटप-टाकीच म्हणायची. मला डबा फार आवडला.

दिवसभर पालथा पडून खिळे मारले. हिने दोनदा विचारलं, जिवंत आहात ना.

सायंकाळी वायर लावली, दोन्ही डब्यांवर हिरवा दिवा लागला. हिला बोलावून दाखवला. ही म्हणाली, "छान आहे. पण सूनबाई शिफ्टला जाते म्हणजे कुठे जाते? ती तर शाळेत शिकवते ना?"

मी म्हटलं, शाळेलाही शिफ्टा असतात.

११ सप्टेंबर, रविवार

आज नाक कापलं गेलं, पण दिवस चांगला गेला. क्रमाने लिहितो.

गुरुवारची एक वायर उरली होती, दुकानदाराने टोकं लावून दिलेली, बऱ्यापैकी लांब. फुकट कशाला पडू द्या? आमच्या खात्यात एक पद्धत आहे. टोकाच्या नळाला नेहमी प्रेशर कमी येतं, म्हणून मोठी लाइन गोल फिरवून पुन्हा मुख्य लाइनीला जोडतात. रिंग म्हणतात. मग टोक उरतच नाही, पाणी दोन्ही बाजूंनी येतं. मी सबंध वस्त्यांना अशा रिंगा टाकून दिल्या आहेत. तेव्हा ती उरलेली वायरही राउटरपासून त्याच छोट्या डब्यापर्यंत दुसऱ्या बाजूने, खिडकीखालून नेली आणि जोडली. म्हटलं, आता बघू कसं तुटतंय.

सगळंच बंद पडलं. कॉम्प्युटर बंद, टीव्ही बंद, हिच्या मोबाइलचं वायफायसुद्धा बंद. आणि दोन्ही डब्यांवरचे सगळे दिवे वेड लागल्यासारखे एकदम लुकलुकायला लागले.

चिरंजीवांना साधा फोन लावला. त्याने विचारलं, "सगळे दिवे एकाच वेळी?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "बाबा, त्या दोन डब्यांच्या मध्ये दोन वायरी टाकल्यात का?"

याला कसं दिसलं? हा शेकडो मैलांवर बसलाय.

तो एवढा हसला की त्याला खोकला लागला. मग म्हणाला, "पाण्याला चालतं बाबा, याला नाही चालत. निरोप एका वायरीने जातो, दुसरीने परत येतो, पुन्हा जातो. गोल गोल फिरत राहतो आणि पोचत कुठेच नाही. थोड्या वेळाने त्या डब्यांना दुसरं काही सुचतच नाही. एक काढा."

एक काढली. सगळं सुरळीत. मग आम्ही फोनवर बोलतच राहिलो, वायरीत आठ तारा का असतात, त्या जोडीजोडीने पिळलेल्या का असतात. लाइन एकदाही तुटली नाही. एवढा वेळ आम्ही दोघं कधी बोललो होतो आठवत नाही. तांत्रिक विषय असला की लाइन टिकते, हे नोंदवून ठेवतो.

शेवटी हिने फोन घेतला. "बाळा, जेवलास का? कोण करतं स्वयंपाक?" आणि कट. हिचा हातगुणच वाईट.

१८ सप्टेंबर, रविवार

वायर उत्तम. हिरवे दिवे स्थिर. चित्र असं स्वच्छ की चिरंजीवांची दाढी मोजून घ्यावी. मी वेग तपासायचं पान उघडून ठेवलं होतं, काटा एकदम वर.

आणि तरीही तुटलं. मी त्याला एवढंच म्हटलं होतं, "अरे, तुझा तो नवा फ्लॅट तरी दाखव. कॅमेरा फिरव जरा. शेजारच्या प्रोफेसरांना मी बाराव्या मजल्याचं वर्णन करून करून थकलो, स्वतः मात्र नीट पाहिला नाही." तो म्हणाला, "हो बाबा, थांबा." आणि थांबलाच. पुतळ्यासारखा. मग काळोख.

मी लगेच आमच्या बाजूने तपासलं. सगळं चालू. म्हणजे पाणी आपल्या टाकीपर्यंत येतंय, पण नळाला नाही. हे डोक्यात बसत नाही.

ही भांडी पुसत म्हणाली, "गेल्या तीन वेळा पडद्यावर तोच शर्ट आहे."

मी म्हटलं, आवडीचा असेल.

"कॉलर बघितलीत?"

मी कॉलर बघत नाही, मी दिवे बघतो. रागाने तसं बोलूनही दाखवलं. हिने भांडी पुसणं चालू ठेवलं. हॉस्पिटलातही नातेवाइकांसमोर ही अशीच गप्प राहत असणार.

२१ सप्टेंबर, बुधवार

कंपनीला तक्रारीवर तक्रार केल्यावर आज त्यांच्या बाई आल्या. खांद्यावर शिडी, नाक सर्दीने लाल. बाहेरच्या खांबापासून आतपर्यंत सगळी लाइन मशीन लावून तपासली. हिने त्यांना वाफ घ्यायला सांगितलं आणि त्यांनी ऐकूनही घेतलं, मला मात्र प्रत्येक प्रश्नाला "थांबा हो काका".

शेवटी म्हणाल्या, "तुमच्याकडे काहीच नाही. या महिन्यात तुमची लाइन एकदा गेली आहे, अकरा तारखेला. बाकी कधीच नाही."

अकरा तारखेचं कारण मी त्यांना सांगितलं नाही.

मी म्हटलं, अहो पण कॉल तुटतो दर रविवारी. त्या शिडी उचलत म्हणाल्या, "मग समोरच्या बाजूला बघा. दोन टोकं असतात ना."

डोक्यात लख्ख उजेड पडला. मी मूर्खासारखा आपल्याच बाजूला खणत बसलो होतो. बिघाड चिरंजीवांच्या घरी आहे. दुनियेच्या कचेऱ्यांत वायरी टाकणारा हा माणूस स्वतःच्या घरी वायफायवर भागवत असणार. दुसरं काय. हिला सांगितलं तर ही माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला."

मी म्हटलं, तेच तर म्हणतोय मी. इतके दिवस पखालीला टोचत होतो.

२५ सप्टेंबर, रविवार

आज त्याची उलटतपासणी घेतली. राउटर कुठे आहे? हॉलमध्ये. दिवे कोणते लागलेत? पॉवरचा, इंटरनेटचा. किती वर्षं जुना? आठवत नाही. मग मी म्हटलं, तू बसलायस तिथून तो किती लांब? तर म्हणाला, "बेडरूममधल्या शेल्फवर आहे बाबा, दिसत नाही इथून." हॉलमधून बेडरूममध्ये कधी हलवला, विचारायचं राहून गेलं.

तो गाडीत बसला होता. मागे सीटचं डोकं टेकायचं उशीसारखं असतं ते दिसत होतं. म्हणाला, इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज चांगली येते. तळघरात रेंज चांगली? मला हे शास्त्र नवीन आहे. मागच्या सीटवर पांघरूण होतं. हिने विचारलं, ते पांघरूण कशाला. "लॉन्ड्रीत द्यायचंय, आई."

मी त्याला सांगून टाकलं, मी स्वतः वायर बनवून पाठवतो. तो "नको बाबा, नको, इथे मिळते" करत राहिला. घाईघाईने बोलत होता. मी म्हटलं, मिळते तर लावली का नाहीस? यावर त्याने हवेचा विषय काढला. बापाला कधीतरी जिंकू द्यावं माणसाने.

आज लाइन तुटली नाही. त्यानेच "ठेवतो" म्हणून ठेवलं. पण ठेवण्याआधी पडद्याकडे बघत बसला होता. मला वाटलं गोठलाच, म्हणून मी टेबलावर थापही मारली. तर तो दचकला.

२८ सप्टेंबर, बुधवार

वायर तयार. तयार मिळते हे मला माहीत आहे. पण स्वतः बनवलेल्याची गोष्ट वेगळी. दुकानदाराकडून टोकाचे प्लास्टिकचे प्लग आणि ते दाबायची पक्कड आणली. आठ बारीक तारा, चार जोड्या. पीळ सोडवायचा, सरळ करायच्या, रंगांचा क्रम लावायचा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मध्ये निळ्याची जोडी हिरव्याच्या पोटात का शिरते हे चिरंजीवांनी सांगितलं होतं पण मी विसरलो. एक तार चुकली तर सगळी वायर मुकी. पहिले तीन प्लग वाया गेले. बोटं आता पूर्वीसारखी ऐकत नाहीत. हिने चष्मा पुसून दिला, दिवा जवळ धरला आणि इंजेक्शन भरताना धरायची तशी माझी कोपरं टेबलाला टेकवून दिली. मग जमलं.

इथे लावून तपासली. हिरवा दिवा. मग गुंडाळी केली, खोक्यात घातली. हिने त्यात लोकरीचे मोजे कोंबले. मी म्हटलं, वायरीच्या पार्सलात मोजे? ही म्हणाली, "गाडीत पायांना गार लागतं."

गाडीत कशाला बसेल तो आता? वायर आली की घरातच बसेल. पण मोजे राहू दिले.

पत्ता मी घातला, सुवाच्य अक्षरात, बारावा मजला मोठ्या अक्षरांत.

२ ऑक्टोबर, रविवार

"मिळालं का पार्सल?" "अजून नाही बाबा." बाकी हवापाण्याच्या गप्पा. मागून कोणीतरी बाई म्हणाली, "तुमचं झालं असेल तर टेबल हवंय." मी विचारलं, कोण रे? म्हणाला, मित्र आलेत घरी. बरं आहे, घर भरलेलं असावं.

ही आज काहीच विचारत नव्हती. फक्त पडद्याच्या कडेला बोट लावून बसली होती.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

पार्सल परत आलं.

खोकं माझंच, दोरी माझीच, पत्ता माझ्याच अक्षरात. त्यावर शिक्का: या पत्त्यावर राहत नाहीत. खाली पेनाने लिहिलं होतं, तीन महिन्यांपूर्वी सोडलं.

आधी मला वाटलं चुकून दुसऱ्या मजल्यावर नेलं असेल. कुरियरवाल्याशी दारात भांडलो. तो बिचारा म्हणाला, "आजोबा, मी फक्त आणून देतो." मग फोन उचलला, चिरंजीवांना लावायला. हिने हातातून काढून घेतला.

"काय विचारणार आहात?"

"विचारणार आहे की राहतो कुठे."

"मी विचारलंय," ही म्हणाली. "जेवण कोण करतं विचारलं. सूनबाई कुठे आहे विचारलं. दर वेळी लाइन तुटली. तुम्हीच तर लिहून ठेवलंय सगळं."

ही आत गेली. मी ही वही पहिल्यापासून वाचली. सगळं मीच लिहिलं आहे. शर्ट, पांघरूण, बेडरूममधला राउटर, टेबल मागणारी बाई. ज्याला महिनाभर बिघाड म्हणत होतो, तो माझ्याच अक्षरात समोर पडला होता आणि मी दिव्यांचे रंग मोजत होतो. लाइन कधी तुटलीच नव्हती. तो तोडत होता.

मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. फुटलेली मुख्य लाइन पाहिली आहे, अर्धं गाव कोरडं पडलेलं पाहिलं आहे. तेव्हा निदान कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा हे ठाऊक असायचं.

८ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर आम्ही दोघं मोजून चार वाक्यं बोललो असू. त्यातलं एक मी म्हटलं, "सरळ सांगू या, घरी ये." ही म्हणाली, "सांगितलं की तो म्हणेल सगळं ठीक आहे. मग तेही ऐकून घ्यावं लागेल. आणि मग फोनही करणार नाही." हिने अशी माणसं पाहिली आहेत म्हणे, ज्यांना कसं वाटतंय विचारलं की ताप लपवतात.

सूनबाईंना फोन करावा का, हाही विषय निघाला. मी नको म्हटलं. तिनेही आम्हाला केलेला नाही, म्हणजे तिलाही काही सांगवत नसणार.

बाराव्या मजल्याचं मी किती लोकांना सांगितलंय, ते आठवत बसलो. त्यालाही ते ठाऊक आहे.

९ ऑक्टोबर, रविवार

ठरलं होतं, काही विचारायचं नाही. पार्सल टेबलाखाली माझ्या पायाशी होतं.

तो आला. तोच शर्ट. पडदा नेहमीसारखाच स्वच्छ, माझ्या सहा नंबरच्या वायरीची कृपा. इतकं स्वच्छ नको होतं. गालाची हाडं दिसत होती.

मी काहीच विचारलं नाही. त्यानेच काढलं. "बाबा, वायर मिळाली. लावली सुद्धा. एकदम मस्त चाललंय. दिसतंय ना नीट?"

मी म्हटलं, "दिसतंय."

"तुम्ही प्लग स्वतः दाबलेत? कमाल आहे. आमच्याकडच्या पोरांना जमत नाही एवढं सफाईने."

"आईने दिवा धरला होता," मी म्हटलं.

ही म्हणाली, "थंडी आहे का रे तिकडे? मोजे आहेत ना?"

"आहेत, आई. भरपूर आहेत."

पुढे मला बसवेना. माझा चेहरा त्याला दिसत होता आणि चेहऱ्याला व्हॉल्व्ह नसतो. मी टेबलाखाली हात घातला आणि वायर उपटली.

अर्ध्या मिनिटात मोबाइल वाजला. तोच. "बाबा, काय झालं? तुम्ही बरे आहात ना? आई कुठे आहे?" एका दमात. आवाज चिरकला होता. मी म्हटलं, काही नाही, लाइन गेली. "बोलता बोलता तुमच्याकडून कधी गेली नव्हती," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोलून बसलो हे लक्षात आल्यासारखा गप्प झाला.

मीही काही लक्षात आल्याचं दाखवलं नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार

सकाळी चहा पिताना हिला म्हटलं, "काल आपली लाइन गेली तर कसा धावत आला." ही कप खाली ठेवून म्हणाली, "मग घालवा की."

मला खोटं बोलायला जमत नाही. पस्तीस वर्षांच्या लॉगबुकात एक खोटी नोंद नाही. म्हणून बिघाड खराखुरा केला. उरलेली वायर माळ्यावरून काढली, खिडकीखालून नेली, राउटरला एक टोक आणि छोट्या डब्याला दुसरं. मागे केली होती तशीच रिंग. सगळे दिवे एकदम नाचायला लागले. टीव्ही बंद, सगळंच बंद.

मग फोन लावला.

"सगळं बंद पडलंय रे. महिन्याभराची मेहनत पाण्यात."

"दिवे?"

"सगळे एकदम लुकलुकतायत."

 मागून गाड्यांचा आवाज येत होता. "बाबा, त्या दोन डब्यांच्या मध्ये दोन वायरी नाहीत ना?"

"नाहीत," मी म्हटलं.

"नक्की बघा. खिडकीखालून?"

"बघितलं. एकच आहे."

"कंपनीच्या बाईंना बोलवा."

"त्यांना नाही सापडत. मला तर यातलं काहीच कळत नाही. म्हातारा झालो. इथे येऊन हात लावल्याशिवाय नाही व्हायचं हे. तूच येऊन बघ."

आयुष्यात मी त्याला "मला कळत नाही" असं पहिल्यांदा म्हटलं असेन. बोलायला फार जड गेलं नाही, कारण ते खरंच होतं.

मागून आणखी एक गाडी गेली. मला वाटलं आता कट होणार. ही माझ्या बाहीला धरून उभी होती. मग तो म्हणाला, "दोन वायरी नाहीत म्हणता."

"नाहीत."

"मग यावंच लागेल," तो म्हणाला.

फोन त्याने लगेच ठेवला नाही. मीही नाही. हिने शेवटी माझ्या हातातून घेऊन बंद केला आणि बजावलं, आता त्या वायरीला कोणी हात लावायचा नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

पाच दिवस टीव्ही नाही, इंटरनेट नाही. ते दिवे बघत बसायचं. निरोप गोल गोल फिरतोय. येतो म्हणाला, पण येईल का, आणि आला नाही तर पुन्हा कुठल्या तोंडाने फोन करायचा, हेच डोक्यात.

दुपारी गाडी थांबली. मी खिडकीतून पाहिलं. मागची सीट काचेपर्यंत भरलेली. उशी, खोकी, टेबलफॅन. वायर दुरुस्त करायला कोणी टेबलफॅन घेऊन येत नाही. ही म्हणाली, "तुम्ही काही पाहिलेलं नाही." मी मागे सरकलो.

तो पाया पडला, एक छोटी पिशवी तेवढी खांद्यावर होती. किती वाळलाय. हिने नाडी बघावी तसा त्याचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. "आधी बिघाड बघतो," तो म्हणाला. ही म्हणाली, आधी जेव. तो म्हणाला, नाही, आधी ते.

मागच्या खोलीत टेबलाखाली शिरला. मी टॉर्च धरला. त्याला दुसरी वायर दिसायला क्षणही लागला नसणार, समोरच होती, मी नीट लपवलीही नव्हती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग तिच्यावरून बोट फिरवत खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. प्लगजवळ माझी परत आलेली वायर ठेवली होती, खोक्यासकट. शिक्क्यासकट. ती उचलायचं मी साफ विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

त्याने खोकं उघडलं. मोजे काढले. तिथेच, टेबलाखाली, माझ्याकडे पाठ करून बसून राहिला.

 जे जे सुचत होतं त्यातलं काहीही लाइन टिकवण्यासारखं नव्हतं. म्हणून विचारलं, "सापडला का फॉल्ट?"

"सापडला, बाबा."

"मोठा आहे?"

"मोठा आहे." आवाज जमिनीकडून येत होता. "घर गेलं. कामही. ती माहेरी आहे."

"हं," मी म्हटलं. "वेळ लागेल?"

"लागेल."

"लागू दे."

तो टेबलाखालून बाहेर आला नाही. स्वयंपाकघरात ही तिसरं ताट काढत होती, त्याचा आवाज आला. माझा गुडघा कळा मारत होता आणि टॉर्चचे सेल उतरत आले होते. मी तसाच धरून उभा राहिलो.